सदऱ्यावरचा निळा हात

"हात लावू नका!" मी ओरडले. आणि नुसतं ओरडून भागेना, म्हणून मी त्याला ढकललं.

आता तुम्ही पोरी नाकं मुरडाल, की ही कसली प्रेमाच्या गोष्टीची सुरुवात. पण जो माणूस न विचारता दुसऱ्याच्या रांजणात काठी घालतो, त्याला काय पायघड्या घालायच्या?

आमचं घर निळीचं. पणजीपासून बायांनी चालवलेलं. मागच्या पडवीत जमिनीत पुरलेला रांजण, माणूस आत उभा राहिला तर गळ्यापर्यंत बुडेल एवढा. त्यात नीळ. तुम्हाला वाटेल, पुडी फोडली आणि पाण्यात कालवली. तसली नव्हे. आमची नीळ जिवंत. तिला कोंडा खाऊ घालायचा, चुना बेताने द्यायचा, थंडीत तिच्यावर गोधडी घालायची. नुसता वास घेऊन बाबा सांगत, आज हिचं पोट भरलंय की नाही. आणि सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे तिला ढवळायचं नाही. जोरात ढवळलं की तिच्यात वारा शिरतो, वारा शिरला की ती रुसते, आणि रुसली की आठ आठ दिवस सुताला रंग देत नाही. माझी आई गेली तेव्हा माझा हात धरून तिने दागिन्यांचं काही सांगितलं नाही. म्हणाली, "रांजणाचं झाकण उघडं टाकू नकोस."

आणि हा शहाणा! खांद्यावर सुताचं गाठोडं, अंगात पांढराशुभ्र सदरा. दारात "कुणी आहे का" एवढंही न म्हणता आत येतो काय, कोपऱ्यातली काठी उचलतो काय, आणि चुलीवरच्या भांड्यात पळी फिरवावी तशी फिरवायला घेतो काय! मी रांजणाशी वाकलेली, हात कोपरापर्यंत आत. मान वळवली, ओरडले, आणि तसाच ओला हात त्याच्या छातीवर मारला.

काठी पडली. तो दोन पावलं मागे गेला. सदऱ्यावर माझा अख्खा पंजा उमटला होता. निळा नाही, पिवळट हिरवा. कोवळ्या पानासारखा.

"अहो, हे... हिरवं..."

"गप्प उभे राहा. हलू नका."

आम्ही दोघं त्याच्या छातीकडे बघत उभे. आधी बोटांच्या टोकांशी निळं झालं. मग ते निळं बोटांतून खाली उतरलं, तळव्यात पसरलं, अंगठ्याशी जरा रेंगाळलं... आणि पाच-सात श्वासांत तो हात असा निळा झाला, की जसा काही जन्मापासून तिथेच होता.

"धुतला तर जाईल का?" त्याने हळूच विचारलं.

"सदरा फाटेल. हात जायचा नाही."

"बरं झालं."

"काय बरं झालं?"

"नाही... म्हणजे... कापड चांगलं आहे, असं म्हणत होतो."

रांजणात माझी सुताची लडी होती, तिची वेळ झाली होती. मी ती सावकाश वर काढली. थेंबसुद्धा वाजू द्यायचा नाही, अशी आईची शिकवण. लडी हिरवी वर आली आणि वाऱ्याला लागली. एकेक धागा निळा होत गेला, जसं काही कुणी आभाळ धाग्याधाग्याने खाली सोडत होतं. तोंड अर्धं उघडं, गाठोडं खांद्यावरून घसरलेलं. मला वाटलं, बघतोय बाबा, नीट बघतोय. लोक लडी निळी झाल्यावर बघतात. हा ती होताना बघत होता. तिथेच मला तो थोडासा... जाऊ दे. थोडासाच.

आज त्या माणसाला मी "हे" म्हणते. पण तेव्हा तो "तो" होता, आणि या गोष्टीपुरता "तो"च राहणार. शेजारी बसून ऐकतायत, हसतायत. हसू देत.

तो नदीपलीकडच्या विणकरांचा. आमच्या गावाच्या आणि त्यांच्या गावाच्या मध्ये एक नदी, एक नाव आणि एक नावाडी, तोही दुपारी झोपणारा. घाई करून उपयोग नाही अशी आमची गावं. आमच्याकडे रंग तयार होईल तेव्हा होतो आणि त्यांच्याकडे कापड विणून संपेल तेव्हा संपतं. त्यांचं सूत आजवर त्यांचा जुना गडी आणायचा. त्याचे गुडघे धरले म्हणून हा यायला लागला. दर आठवड्याला पांढऱ्या लड्या घेऊन यायचा, निळ्या घेऊन जायचा. बाबा फार बोलणारे नव्हते, पण बोलले की चिकटायचं. महिन्याभरात त्यांनी त्याचं नाव पाडलं, धोटा. मागावरचा धोटा कसा, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"धोटा आला गं," बाबा आतून म्हणायचे.

"आला तर येऊ दे. लड्या ठेवायच्या आणि जायचं," मी म्हणायचे. आणि पदराला हात पुसायचे. का पुसायचे देव जाणे. माझे हात काही पुसून जाणारे नव्हते. कोपरापर्यंत निळे, नखांच्या मुळाशी तर काळेच. दहा वर्षांची असल्यापासून तसे.

तो लड्या ठेवायचा, आणि जायचा नाही.

एकदा बारीक पाऊस पडत होता, पडवीच्या पत्र्यावर मोहरी तडतडावी तसा. नावाड्याला निमित्तच हवं होतं, तो नाव बांधून झोपला. धोटा अडकला.

"तो सदरा कुठाय?" मी विचारलं.

"आईने ट्रंकेत टाकलाय. म्हणाली, छातीवर बाईमाणसाचा पंजा घेऊन गावात फिरशील तर तंगडं मोडीन."

"बरोबर बोलल्या."

"तुम्हाला माझ्या आईची बाजू घ्यायचं कारण?"

"शहाण्या बाईची बाजू घ्यायला कारण लागत नाही."

तो हसला. मग पत्र्यावरच्या पावसाकडे बघत म्हणाला, "आमच्याकडे... आमच्याकडे निळा हात चालत नाही. म्हणजे घरात. आजीपासूनचा नियम आहे. मागावर पांढरा ताणा लावलेला असतो, उभे दोन हजार धागे. रंगाचा हात लागला तर अख्खा ताणा वाया. रंगाऱ्याच्या बाईला उंबऱ्याच्या आत पाणीसुद्धा देत नाहीत, ओट्यावर देतात."

"मला कशाला सांगता? मी कुठे तुमच्याकडे पाणी मागितलंय?"

"नाही... सहज."

"आणि आमच्याकडेही नियम आहे. आमची नीळ सोडून बाई जात नाही. हे हात आईचे आहेत. पांढरे करायला कुणी सांगितलं, तर तो माणूस रांजणात जाईल, हात नाही."

मी हे फणकाऱ्याने बोलले खरी. पण पाऊस थांबला, तो गेला, आणि मी रांजणाच्या कडेला बसून माझ्या हातांकडे बघत राहिले. पहिल्यांदाच. नदी एवढी रुंद आहे, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या खेपेला एक भलतंच झालं. मी लड्या भिजवल्या, पिळल्या, रांजणात सोडल्या, तीन बुड्या दिल्या. वाळत घालायला लडी उलगडली तर आतून एक कागद पडला. घडी घातलेला, निळाशार, एकही अक्षर दिसेना. कामाची चिठ्ठी बुडवली वाटतं! आमच्या घरात कधी कुणी गिऱ्हाइकाची चिठ्ठी बुडवली नव्हती. तो आल्यावर मीच कागद पुढे केला.

"चूक झाली. तुमची चिठ्ठी लडीबरोबर बुडाली. आता तोंडाने सांगा, काय लिहिलं होतं."

त्याचा चेहरा असा झाला, की नावाड्याने मधोमध नेऊन वल्हं टाकलं असावं.

"तुम्ही... वाचली नाही?"

"बुडाली म्हणते ना. सांगा."

"लिहिलं होतं... की... लड्या सात आहेत."

"सात लड्या मला मोजता येतात. त्यासाठी कागद कशाला?"

"खबरदारी म्हणून."

आतून बाबा खोकले. त्यांना खोकला नव्हता.

"मग हा घ्या तुमचा कागद."

"ठेवा तुमच्याकडे," तो म्हणाला, कानापर्यंत लाल होत. "रंग छान चढलाय."

मी तो कागद धान्याच्या डब्याखाली ठेवला. का ठेवला हे विचारू नका. मी काही दूधखुळी नव्हते. सात लड्यांसाठी कुणी घडीवर घडी घालत नाही.

त्यानंतर मात्र त्याने मला वैताग आणला. लडीला गाठी असतात, सूत गुंतू नये म्हणून. त्या सैल बांधायच्या, म्हणजे रंग आत जातो. हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. याच्या गाठी अशा घट्ट, की सोडताना माझी नखं उलटायची. आणि गाठीखाली रंग जाईल कसा? लडी निळी आणि तिच्यावर पांढरे ठिपके. एका लडीला चार जागी, दुसरीला नऊ जागी. शिवाय प्रत्येक लडीच्या शेंड्याला बारीक दोऱ्याच्या वेगळ्या गाठी. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

पहिल्यांदा मी समजावलं. दुसऱ्यांदा बोलले. तिसऱ्या खेपेला दारात नावाडी उभा, पाण्याला आलेल्या दोन बाया उभ्या, आणि माझा तोल गेला.

"विणकराच्या पोटी जन्मलात आणि गाठ बांधता येत नाही? लोक म्हणतील, माझ्या निळीला डाग पडतात! चार पिढ्यांची अब्रू आहे ही. पुन्हा असल्या गाठी आणल्यात तर लड्या नदीत टाकीन, आणि त्यांच्यामागे तुम्हाला!"

बाया फिदीफिदी हसल्या. तो हसला नाही. त्याने गाठोडं माझ्यापुढे ठेवलं.

"ही शेवटची खेप," तो म्हणाला. "एवढ्या एकदा बुडवून द्या. गाठी सोडू नका, मी सोडेन. मग नाही त्रास देणार."

मी दिल्या बुडवून. तो घेऊन गेला. आणि खरंच आला नाही.

एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा निम्मा झाला. जुना गडी गुडघे चोळत यायला लागला. मी त्याला काही विचारलं नाही. मान ताठ ना माझी! पण नावेची घंटा वाजली की माझ्या हातून लडी निसटायची. बाबांनी एकदा रांजणाचा वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "नीळ ठीक आहे. रुसलंय दुसरंच कुणीतरी."

तिसरा आठवडा सरता सरता नावेतून त्याची आई उतरली.

मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. ताठ कणा, पांढरं लुगडं, त्यावर एक डाग असेल तर शपथ. काखेत कापडाची घडी. मागे तो, मान खाली. मला वाटलं, झालं. ठिपक्यांचं कापड घेऊन आल्या भांडायला. मी पदर खोचला. भांडण म्हणजे भांडण, आपण काय कमी आहोत?

त्या अंगणात उभ्या राहिल्या. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघितलं. सरळ कोपरापर्यंत.

"तूच ती?"

"मीच. ठिपक्यांबद्दल बोलायला आला असाल तर गाठी तुमच्या घरच्या आहेत."

"जीभ आहे हो."

"हातांपेक्षा धुतलेली आहे."

तो मागे दचकला. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसू होतं की राग, आजतागायत मला कळलं नाही. त्यांनी घडी काढली, एक टोक त्याच्या हातात दिलं, एक स्वतः धरलं, आणि कापड उलगडलं.

पोरींनो, मी जन्मभर निळीत हात घातले. मला वाटायचं, निळीचं जे काही बघायचं ते मी बघून बसले आहे.

ते कापड निळं होतं आणि त्यात पांढरे ठिपके होते. माझेच. जे मी डाग म्हणून शिव्या घालून दिले होते. पण मागावर ते ठिपके एकापुढे एक सरकून बसले होते, ओळीवर ओळ, जसे पाखरांचे थवे संध्याकाळी जागा धरतात. आणि त्या ठिपक्यांचे झाले होते दोन हात. पाण्यातून वर येणारे दोन पांढरे हात, बोटं जरा पसरलेली. कडा धूसर, हलत्या पाण्यात दिसतात तशा. डाव्या अंगठ्याशी वाकडं नख. माझं. लहानपणी दारात सापडलेलं.

बाबा पडवीतून उठून आले आणि त्यांनी कापडाला हात लावला नाही, नुसता जवळ नेला.

प्रत्येक गाठ आधी मोजून. कुठला धागा कुठल्या ओळीत कुठे पडणार हे सूत पांढरं असतानाच डोक्यात धरून. शेंड्याच्या गाठी म्हणजे लड्यांचा क्रम, आधी कुठली विणायची, मग कुठली. मोजायला काय होतं त्याच्याकडे? ट्रंकेतला तो सदरा. बाकीचं डोळ्यांनी नेलेलं.

"मी याला सांगितलं होतं," त्याची आई म्हणाली, "मला पांढऱ्या हातांची सून हवी. तीन आठवडे मागावरून उठला नाही. काल हे माझ्यासमोर टाकलं आणि म्हणतो, 'घे. पांढऱ्या हातांची आहे.'"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने आता मान वर केली होती.

"चाळीस वर्षं विणते आहे," त्या म्हणाल्या. "असं मी विणलं नाही. माझ्या सासूने विणलं नाही. पण नियम तो नियम. पांढऱ्या ताण्याला निळा हात लागायचा नाही. तर आता तू सांग. निळीतून हात काढतेस?"

नदी ऐकू येत होती. मला ठाऊक होतं, नाही म्हटलं तर हे कापड पुन्हा घडी होऊन नावेत बसणार, आणि तोही. आणि हो म्हटलं तर आईची नीळ रांजणात एकटी.

मी कापडाजवळ गेले. धागा बघितला. आडवा निळा, उभा पांढरा.

"निळा फिका पडलाय," मी म्हणाले.

"काय?"

"तुमच्या पांढऱ्या ताण्याने पाणी उथळ केलंय. घोट्याएवढ्या पाण्यातून हात काढल्यासारखे दिसतायत. ताणा निळा असता तर पाणी खोल दिसलं असतं. आमच्या रांजणाएवढं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कापडाकडे. डोळे बारीक करून, डोकं जरा तिरपं करून... विणकरीण होती ती, आधी विणकरीण, मग सासू. मी बघत होते, तिच्या डोळ्यांत तो ताणा निळा होत गेला.

"खरंय," त्या हळूच म्हणाल्या.

"मग ताणाच निळा लावा. निळ्या ताण्याला निळा हात लागला तर कुणाचं काय बिघडतं?"

मग त्या बाबांना म्हणाल्या, "मुलीला फार लाडावून ठेवलंय."

"मी नाही," बाबा म्हणाले. "निळीने."

"पाणी देता का? आत बसून पिईन."

लग्न ठरलं, पण रांजण कसा जाणार? तो जमिनीत पुरलेला. त्यावर बाबांनीच तोड काढली. दह्याला विरजण लागतं, तसं निळीलाही. जुन्या निळीतला एक घडा नव्या रांजणात ओतला की तीच नीळ पुढे चालते. मूळ रांजण बाबांकडे राहिला, आणि आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जायचं माझं ठरलं. धोट्याची खेप आता मला लागली.

नावेत मी घडा मांडीवर घेऊन बसले होते, तोंडाला फडकं बांधून, दोन्ही हातांनी धरून. नावाड्याला ताकीद होती, धक्का बसला तर बघ. स्वच्छ ऊन होतं. तो समोर बसला होता, अंगात तोच सदरा. आईने ट्रंकेतून स्वतः काढून दिलेला. छातीवर माझा हात.

"चिठ्ठीत काय होतं?" मी विचारलं.

"लड्या सात आहेत."

"घडा सांडेल असं बोलू नका. खरं सांगा."

पाण्याकडे बघत तो म्हणाला, "एवढंच होतं, की... पहिल्या दिवशी तुम्ही लडी वर काढलीत. ती निळी होईपर्यंत तुम्ही श्वास धरला होता. रोज बुडवता, लहानपणापासून बुडवता... तरी धरला होता. मला वाटलं, ज्या माणसाला रोजचं रोज नवं वाटतं, त्याच्या शेजारी जन्म काढावा."

म्हणजे तो लडीकडे बघतच नव्हता! आणि मी येडी महिनोन् महिने...

"मग त्या दिवशीच तोंडाने का नाही बोललात?"

"तुम्ही म्हणाला होतात, गप्प उभे राहा. हलू नका."

नाव पलीकडे लागली. त्यांच्या परसात नवा रांजण पुरून तयार होता. मी घडा ओतला, कोंडा घातला, झाकण ठेवलं, गोधडी घातली. नऊ दिवस तिने काही दाद दिली नाही. नवीन घर, तिला लाजायचा हक्क होता. दहाव्या दिवशी पाण्यावर तांबूस साय धरली, म्हणजे ती रुळली. मी एक लडी सोडली, आईला आठवून शंभर मोजले, आणि सावकाश वर काढली.

हिरवी. मग कडेने, अगदी कडेने...

मी श्वास धरला. शेजारी त्याने धरला. आणि दारात पांढऱ्या लुगड्यात उभ्या असलेल्या सासूबाईंनीही धरला, मी माझ्या कानांनी ऐकलं. पण ते त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.